शनिवारी कोणता खेळ आणू?

दिवस मावळला की मला दिसत नाही. अगदी मिट्ट काळोख होतो असं नाही. दिव्याखाली एक पिवळा डाग दिसतो, डागाच्या आसपास काही हललं तर कळतं, पण ते माणूस आहे की दोरीवरचं धोतर, हे ठरवायला मला त्याच्या बोलण्याची वाट पाहावी लागते. दिवसा मात्र मी सुईत दोरा ओवते. म्हणूनच माझ्या बापाला, धोंडबाला, माझं लग्न उरकता आलं. मुलगी पाहायला आलेल्यांना त्यानं भर दुपारी बोलावलं, जेवूखाऊ घालून उन्हं कलायच्या आत वाटेला लावलं आणि लग्नाचा मुहूर्तसुद्धा सकाळचा धरला. आमच्या नरखेडकडे लग्नं गोरज मुहूर्तावर लागतात. पाहुणे कुरकुरले तेव्हा बाप म्हणाला, "संत्र्याचा तोडा सुरू हाये जी, सांजच्या पारी गाड्या मोकळ्या नाईत." थाप मारताना त्याचा आवाज मुळीच अडखळत नसे. मी त्याचीच लेक.

कोणी म्हणेल, फसवलं. खुशाल म्हणावं. पण म्हणणाऱ्यानं आधी माझ्या बायजाबाई मावशीला पाहायला हवं होतं. तिचे डोळे असेच. सासरच्यांना पहिल्याच महिन्यात कळलं आणि ते तिला आमच्या दारात सोडून गेले. पुढे ती जन्मभर गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहिली. तिला कोणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, दोन वेळचं ताट मिळायचं. फक्त तिला कोणी काही विचारत नसे. भाजी कोणती करू, लुगडं कोणत्या रंगाचं आणू, जत्रेला येतेस का, काहीच नाही. ती समोर बसलेली असायची आणि तिच्याबद्दलचं आईला विचारायचे. मला रात्रीची भीती कधी वाटली नाही, रात्र माझ्या ओळखीची आहे. मला भीती होती ती तशा जगण्याची.

डॉक्टरांकडे नेलं नव्हतं असंही नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डोळ्यात औषध घातलं, डॉक्टर म्हणाले याला उपाय नाही. आईनं शेवग्याचा पाला आणि बकऱ्याचं काळीज खाऊ घालून पाहिलं. मग ती म्हणाली, "आता गप राह्यजो. सांगशीन त बायजीसारखी बसशीन."

माझा नवरा केशव नागपुरात बर्डीच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, थोरल्या बहिणीनं, यमुताईनं, वाढवलेला. यमुताई पाचपावलीला राहायची. आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, सासू नाही, जाऊ नाही. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. काढलं होतंच. संध्याकाळचा स्वयंपाक मी उन्हं असताना उरकायची, दिवाबत्ती सगळ्यांच्या आधी करायची, प्रत्येक भांडं ठरलेल्या जागी ठेवायची. त्यानं तांब्या दुसऱ्या कोनाड्यात ठेवला तर मी असा आकांत करायची की तो हसून म्हणायचा, "अवं, तांब्या हाये का सोन्याचा गडू?"

शनिवारी दुकान जरा लवकर बंद व्हायचं आणि रविवारी सुट्टी. म्हणून शनिवारची संध्याकाळ आमची. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी तो म्हणाला, "चाल, बर्डीवर सिनेमा पाहून येऊ. सहाचा खेळ." सिनेमाचा काळोख, पायऱ्या, गर्दी, आणि परतताना महालातल्या उघड्या नाल्या. मी म्हटलं, "मले सिनेमानं डोकं दुखते जी. घरीच बसून काही खेळू ना. तुमच्या दुकानात त खेळच खेळ हायेत."

असा मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तो इतका खूश झाला की मला लाज वाटली. शेठला विचारून त्यानं परवानगी मिळवली: शनिवारी एक खेळ घरी न्यायचा, सोमवारी जसाच्या तसा परत आणायचा, डब्याचे कोपरे दुमडता कामा नयेत. आणि खेळ निवडण्याबद्दल त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "गिऱ्हाइकाचं तोंड पाहून मी खेळ सांगतो," तो म्हणायचा. "नवीन लग्नाचं जोडपं आलं का वयखू येते. नवरा कॅरम मागते, दोस्तायसोबत खेळ्याची सवय असते ना त्याले. मी म्हणतो, साहेब, कॅरम चौघायचा. दोघायच्या खेळात एकानं लय हुशार नसावं, अन् हारलेल्याले हासता आलं पायजे." दुकानात येणाऱ्या बायका त्याला विचारून खेळ न्यायच्या. आणि आता तो दर शुक्रवारी मला विचारायचा, "सांग वं मने, शनिवारी कोणता खेळ आणू?"

मला आयुष्यात इतकं नेमानं कोणी काही विचारलं नव्हतं.

पहिली आली सापशिडी. घरमालकाचं मीटर एकच, म्हणून तो चाळीस वॅटच्या वरचा दिवा लावू द्यायचा नाही. त्या दिव्याखाली पट म्हणजे मला एक फिकट चौकोन दिसत होता, त्यावर काही वळवळीत काळपट रेघा. फासा मी हातात धरून, बोटानं खड्डे चाचपून वाचायची आणि अंदाजानं सोंगटी पुढे सरकवायची. एकदा सापाच्या तोंडावर बसले आणि तशीच पुढे गेले. केशव हसत सुटला. "एवढा मोठा साप दिसत नाई काय वं तुले? का लबाडी करून राहिली?" मी म्हटलं, "लबाडीच करून राहिली." तो आणखी हसला. दुसऱ्या शुक्रवारी मी सांगितलं, सापशिडी पोरासोरांची, मला नको.

मग ल्युडो. त्यात चार रंग. पिवळ्या उजेडात हिरवा आणि निळा मला एकच दिसतात. मी दोनदा त्याचीच सोंगटी चालवली. तो म्हणाला, "मायी बी तूच जितवशीन काय?" तोही खेळ परत गेला. कॅरमचं नाव त्यानं काढलं तेव्हा मी बोटं दुखतात म्हणाले. तो विचारात पडला. दुकानातल्या बायकांना तोंड पाहून खेळ सांगणारा माणूस, आणि घरच्या बायकोला एक खेळ पसंत पडेना.

मग त्यानं व्यापार आणला. त्यात गावं विकत घ्यायची, चिठ्ठ्या उचलायच्या, चिठ्ठीत लिहिलं असेल तो दंड भरायचा. अक्षर मुंगीएवढं. मी चिठ्ठी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुमीच वाचा. मले तुमचं वाचणं आवडते."

हे बोलले तेव्हा ती युक्ती होती. पण तो वाचायला लागला आणि मला खरंच आवडलं. त्याचा आवाज संथ, थोडा घोगरा. 'तुमच्या घराला आग लागली' हे वाक्यसुद्धा तो असं वाचायचा की घर जळालं तरी काही बिघडणार नाही असं वाटावं. मग तो चिठ्ठीत नसलेलंही वाचायला लागला. 'बायकोनं झुणका चांगला केला, बँकेनं तिला मुंबई द्यावी.' मी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत बसायची. डोळे उघडे ठेवून तरी काय होणार होतं? पावसाळाभर आम्ही तोच खेळ खेळलो. शेठ म्हणाला, "केशव, तुझ्या घरी दुसरा खेळ चालत नाही काय?" ते शनिवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी आजही सांगेन.

दिवाळीत व्यापारचे सगळे डबे विकले गेले आणि नवा माल आला नाही. केशवनं बुद्धिबळ आणलं. मला वाटलं, हे जमेल. हत्ती, घोडा, उंट, सगळ्यांचे आकार वेगळे, बोटांना कळतील. पट डोक्यात ठेवायची तर मला सवयच. एक दिवस दुपारी बसून मी चाली पाठ केल्या. पण केशव दुकानात शिकलेला, नियमाचा पक्का. मी घोडा चाचपला, सोडला, वजिराकडे हात नेला, तर म्हणाला, "नाई नाई. हात लावला का चालवाच लागते." चाचपल्याशिवाय मला घोडा कळेना आणि चाचपला की तोच चालवावा लागे. मी माझा वजीर असा मूर्खासारखा मारून घेतला की मलाच रडू आलं. मी पट ढकलून दिला.

त्यानं सांडलेल्या सोंगट्या गोळा केल्या. मग म्हणाला, "तुले मायासोबत बसाचंच नसन त सांग ना वं. मी उगाच डबे आणतो, नेतो. शेठ हासते."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मी घाबरले. नवरा एकदा असा मागे सरला की पुन्हा विचारायला येत नाही, एवढं मला कळत होतं. मी घाईनं म्हटलं, "आता मी खेळ आणतो. पुढच्या शनिवारी मायाकडचा."

आठवडाभर दुपारच्या उन्हात बसून मी अष्टाचंगाचा पट शिवला. जुन्या गोधडीचं जाड कापड घेतलं, पाच ओळी, पाच घरं, प्रत्येक रेघ जाड दोऱ्याची. जिथे सोंगटी मारता येत नाही त्या घरांत दुहेरी दोऱ्याच्या फुल्या. माझ्या सोंगट्या चिंचोके, त्याच्या बांगड्यांचे तुकडे. चार कवड्या माझ्या पेटीत होत्याच. खेळ सोपा: कवड्या टाकायच्या, जितक्या उघड्या पडतील तितकी घरं चालायची. चारही उघड्या पडल्या तर चंगा, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. इथे सोंगट्यांना हात लावायला बंदी नव्हती, कवड्या टाकणाऱ्यानंच उचलायच्या, आणि उचलताना बोटांना सगळं कळायचं. त्याचा डाव तो स्वतःच मोठ्यानं सांगायचा, "दोन!" "चंगा!" आणि मी ऐकायची.

त्याला खेळ आवडला. "आमच्या आजीचा खेळ हाये हा," तो म्हणाला. "पाह्य, मी दुकानभर शोधलं, अन् बायकोनं घरीच शिवला." मी चुरशीनं खेळायची, त्याच्या सोंगट्या मारायची, आणि जिंकायची. तो लटकं चिडायचा. शुक्रवारी आता तो विचारायचा नाही, मीच विचारायची, "उद्या बसाचं ना?" मला वाटलं, सुटले.

संक्रांत आली. यमुताईनं हळदीकुंकवाला बोलावलं. मी दुपारीच गेले, म्हटलं चार वाजता वाण घेऊन उन्हात परत येईन. पण यमुताई मला सोडेना. "भावाची बायको तू. बाया सांजच्याले येतीन, त्यायच्यासमोर तुले वाण देईन." तिनं किती प्रेमानं ठेवून घेतलं. बाया आल्या, खोली भरली, दिवा लागला. मी भिंतीशी बसून आवाज मोजत होते. बडबड, हसणं, बांगड्या. यमुताईचा आवाज दाराकडून येतो आहे असं मला वाटत होतं. ती खरं तर माझ्या पुढ्यात उभी होती, वाटी पुढे धरून. मी दाराकडे पाहत बसले. सगळ्या बायांसमोर ती हात लांबवून उभी आणि मी तोंड फिरवून. हळूहळू बडबड थांबली.

"मनकर्णे," ती म्हणाली, "एवढा मान नको वं. घे म्हटलं त घे."

मी दचकून हात पुढे केला आणि तो कुंकवाच्या करंड्यावर आदळला. करंडा सांडला. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. यमुताई बोलणारी बाई, एवढ्यावर दहा गोष्टी सुनावणारी. ती काही बोलली नाही. खाली बसून तिनं कुंकू गोळा केलं, आणि केशव न्यायला आला तेव्हा माझा हात धरून मला पायरी उतरवून दिली. तिनं हात धरला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी केशव दुकानातून परस्पर पाचपावलीला जाऊन आला. यमुताईला बरं नाही, एवढंच म्हणाला. मी आणखी विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यानंच पट अंथरला. खेळ नेहमीसारखा सुरू झाला. माझा डाव चांगला पडत होता. मग त्याची पाळी आली. त्यानं कवड्या टाकल्या आणि म्हणाला, "अष्टा."

त्यातली एक कवडी घरंगळत येऊन माझ्या घोट्याला लागली होती. मी पायाशी बोट नेलं. कवडी उघडी होती, तिचे दाते माझ्या बोटाला लागले.

उघडी कवडी असताना अष्टा होत नाही. आधी मला हसूच आलं, म्हटलं लबाडी करतोय. मग हसू थांबलं. डोळे असलेल्या माणसासमोर कवड्या पडलेल्या असताना अशी थाप कोणी मारत नाही. मारणार ती, समोरच्याला दिसतं का ते पाहण्यासाठी. यमुताईनं सांगितलं होतं. तो माझी परीक्षा घेत होता.

आणि मला उत्तर माहीत होतं! माझ्या बापाची सगळी हुशारी माझ्या जिभेवर आली. मी हसून म्हटलं, "खोटं! सपशेल खोटं. उघडी हाये की जी."

समोरून मोठा श्वास सुटल्याचं ऐकू आलं. तो म्हणाला, "हो काय? मंग किती पडले?"

मी तिथेच थांबायला हवं होतं, उठायला हवं होतं, पाणी आणते म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच्या डावाच्या कवड्यांना आमच्यात हात लावत नाहीत, आणि मी हात लावला असता तर तो चाचपडण्याचाच हात झाला असता. एक उघडी होती एवढं नक्की. बाकीच्या तीन कुठे होत्या तेही मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "तीन."

शेजारच्या घरी रेडिओ लागला होता. मग तो म्हणाला, "बराबर. तीन." आणि बांगडीचा तुकडा तीन घरं चालल्याचं मी ऐकलं.

मला इतका आनंद झाला की छातीत दुखलं. पास झाले. आता यमुताईनं काही सांगू दे, कोणीही सांगू दे. माझी पाळी होती. घाईघाईत त्यानं कवड्या उचलल्याच नव्हत्या, किंवा मुद्दामच ठेवल्या होत्या. मी एकेक कवडी गोळा करायला लागले. घोट्याजवळची उघडी. पटावरची पालथी. तिच्या शेजारची पालथी. त्याच्या गुडघ्याजवळची पालथी.

एक पडला होता. तीन नव्हे.

मी कवड्या मुठीत धरून बसले, टाकल्या नाहीत. तोही टाक म्हणाला नाही.

"तुमी तीन काहून म्हणले?" मी विचारलं.

"तू म्हणली म्हणून."

"अन् अष्टा?"

"यमुताई म्हणे, विचारू नको, थापा मारन. पाहून घे म्हणे." त्याचा आवाज व्यापाराच्या चिठ्ठ्या वाचायचा तसाच संथ होता. "तू खोटं म्हणली तवा मले एवढं बरं वाटलं वं. म्हटलं, यमुताईले आत्ताच जाऊन सांगतो. मंग मी किती म्हणून विचारलं. ते नसतं विचारलं त बरं झालं असतं."

मग मी सगळं सांगितलं. बापाचा सकाळचा मुहूर्त, मावशी, दवाखाना, आईचं बोलणं. मी रडले नाही, मला राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. तो ऐकत राहिला. आणि मग त्यानं एकेक खेळ काढून विचारायला सुरुवात केली, गिऱ्हाइकानं परत केलेला डबा उघडून आतला माल पाहावा तसा.

"सापशिडीतला साप?"

"नोता दिसला."

"ल्युडोतली हिरवी सोंगटी?"

"नाई."

"बुद्धिबळ?"

"हात लावू देत नोते तुमी."

"कॅरमनं बोटं दुखत नाईत तुयी."

"नाई."

"अन् व्यापार? तुले मायं वाचणं आवडे."

"थे खरं होतं."

"हं."

"खरंच होतं जी. आईची आण."

"समदं खोटं, अन् तेवढंच खरं," तो म्हणाला. "मी कसं समजावं वं? तूच सांग."

आजही कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. खरं बोलण्याच्या आवाजात आणि थाप मारण्याच्या आवाजात माझ्या बापानं काही फरक ठेवला नव्हता, आणि मी त्याच्याकडूनच शिकले होते. मी हात पुढे केला, तो कुठे बसला आहे तिकडे. हाताला पटाचं कापड लागलं. तो उठून उभा राहिला होता.

त्यानं आवाज चढवला नाही, बापाला शिव्या दिल्या नाहीत. दुसरा एखादा असता तर ताट भिरकावलं असतं, शेजार गोळा झाला असता, आणि कदाचित सकाळपर्यंत शांतही झाला असता. केशव म्हणाला, "उद्या नरखेडले जाय. सकाळच्या गाडीनं. मले थोडा इचार करू दे."

"किती दिवस?"

"पाहू."

"तुमी याल घ्याले?"

"पाहू म्हटलं ना."

त्यानं मला हाताला धरून अंथरुणापर्यंत नेलं. लग्न झाल्यापासून त्या वाटेनं मी रोज एकटीच चालत होते, न अडखळता. त्या दिवशी त्यानं धरल्यामुळे मी उंबऱ्याला ठेचकाळले.

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. एस.टी. स्टँडवर मला सगळं लख्ख दिसत होतं: पाट्या, केळीवाला, बाकावर झोपलेला माणूस, आणि केशवची कॉलर, जी मी उलटवून शिवली होती. रात्रभर तो झोपला नव्हता, डोळे सुजले होते. त्यानं माझी पिशवी वर ठेवली, मला खिडकीपाशी बसवलं, केळी घेऊन दिली. "पाणी पेजो," म्हणाला. मी त्याच्याकडे पाहत होते, तो केळीकडे पाहत होता. मग तो खाली उतरला.

त्याच्या 'पाहू'मध्ये अजून जागा होती, असं मला वाटत होतं. गावात काय सांगायचं तेही मी रात्री ठरवलं होतं: आईची आठवण आली म्हणून आले, चार दिवसांनी ते न्यायला येणार आहेत. तो आला असता तर ती थाप खरी ठरली असती, आणि कुणालाच काही कळलं नसतं.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. तेवढ्यात केशव घाईनं पुन्हा वर चढला. मी पिशवीकडे हात नेला. मला वाटलं, उतर म्हणेल.

तो माझ्याकडे आला नाही. कंडक्टरपाशी गेला. इंजिनचा आवाज मोठा, म्हणून त्याला ओरडून बोलावं लागलं.

"भाऊ, थे खिडकीतली बाई, मायी बायको, तिले अंधारात दिसत नाई. वाटेत गाडी बिघडली, दिवस बुडला, त तिचा हात धरून उतरवजा. एकटी सोडजा नोका."

गाडी दुपारच्या आत पोहोचणार होती. तरी त्याला ती काळजी लागली, आणि ती काळजी खरी होती, यात मला आजही शंका नाही. मागच्या बाकांपर्यंत माना वळल्या. अर्धी गाडी काटोल-नरखेडकडच्या लोकांची. पलीकडच्या बाकावर आमच्या शेजारच्या गावची तुळसाबाई बसली होती, माझ्या लग्नात जेवून गेलेली. तिनं मला ओळखलं, मग पदर तोंडाशी नेला. ती संध्याकाळपर्यंत चार गावांत सांगणार होती, आणि एकदा चार गावांत झालं की यमुताई भावाला मला न्यायला पाठवणार नव्हती, हे मी बसल्या जागी समजले. केशवला ते समजलं नव्हतं. तो खाली उतरून, गाडी वळेपर्यंत, हात वर करून उभा होता. तो मला अगदी शेवटपर्यंत स्पष्ट दिसला.

गाडी गावाबाहेर पडली. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत माझ्या बाकापाशी आला. ऊन माझ्या मांडीवर पडलं होतं. मी सुटे पैसे हातात काढून ठेवले होते आणि त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यावरून नजर काढून पलीकडे विचारलं, "मावशी, या बाईले कुठं उतराचं हाये?"

मी तोंड उघडायच्या आत तुळसाबाईनं माझ्या गावाचं नाव सांगितलं.